हरणासाठी रिव्हॉल्वरचे काडतूस: एका आकड्याच्या वादाचा इतिहास

दोन गोळ्यांची तुलना करून पाहा. पहिली ५० ग्रेन वजनाची, म्हणजे जेमतेम सव्वातीन ग्रॅमची. ती नळीतून सेकंदाला २६५० फूट वेगाने बाहेर पडते. दुसरी २४० ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची, आणि तिचा वेग सेकंदाला ११८० फूट. (एका पाउंडात ७००० ग्रेन असतात. बंदुकीच्या व्यवहारात हे जुने एकक अजून टिकून आहे.) गतिज ऊर्जा काढली तर पहिलीची सुमारे ७८० फूट-पाउंड येते, दुसरीची ७४१. संवेग काढला तर पहिलीचा २.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद, दुसरीचा ५.६. यांपैकी जबर गोळी कोणती?

पहिली गोळी .२२१ फायरबॉल या काडतुसाची आहे. रेमिंग्टन कंपनीने १९६३ मध्ये ते आपल्या एक्सपी-१०० या पिस्तुलासाठी काढले आणि त्याचा रोख बिळात राहणाऱ्या लहान प्राण्यांवर होता. दुसरी .४४ मॅग्नमची, जिने अमेरिकेत हरणेच काय, एल्कसारखी सांबरापेक्षाही मोठी जनावरे पडली आहेत. ऊर्जेचा तक्ता मात्र पहिलीला वरचा क्रमांक देतो. ही विसंगती नजरेसमोर ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

विषय अमेरिकेचा आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे. अमेरिकेत ती परवाना, ठरलेला हंगाम आणि राज्यागणिक वेगळे नियम यांच्या चौकटीत चालते, आणि बऱ्याच राज्यांत ती रिव्हॉल्वर-पिस्तुलानेही करता येते. म्हणून ‘हरणाला कोणते काडतूस पुरेसे’ हा प्रश्न तिथे शिकाऱ्यांच्या गप्पांपुरता राहिला नाही. तो सरकारला नियमपुस्तिकेत छापावा लागला, आणि छापायचा तर आकडा हवा. कोणता आकडा, यावर सुमारे ऐंशी वर्षे वाद झाला. पदार्थविज्ञानातली एखादी राशी बाजारात आणि कायद्यात शिरते तेव्हा तिचे काय होते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

गोळीला करायचे काय असते

अमेरिकेतले मुख्य शिकारी हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. मोठा नर शंभर किलोच्या आसपास जातो, पण बहुतेक जनावरे त्याहून लहान असतात. हृदय आणि फुप्फुसे पुढच्या पायांच्या मागे, सुमारे आठ इंच व्यासाच्या वर्तुळात येतात. गोळीने कातडी, स्नायू आणि बहुधा एखादी बरगडी भेदून दोन्ही फुप्फुसांतून जायचे, आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडायचे. बाहेर पडली की दुसरे छिद्र तयार होते, त्यातून रक्त सांडते, आणि ते हरीण काही अंतर पळून पडले तरी माग काढता येतो. गोळी आतच अडली, किंवा वर्तुळ चुकून पोटात लागली, तर हरीण झाडीत शिरते, सापडत नाही आणि तासन् तास तडफडून मरते. हा सगळा खटाटोप ती वेळ येऊ नये म्हणून आहे.

रायफलच्या वेगवान गोळीभोवती मांस क्षणभर फुग्यासारखे ताणले जाते आणि त्या ताणानेच पुष्कळसे फाटते. रिव्हॉल्वरच्या वेगाला हा ताण बहुतांशी तात्पुरता ठरतो. मांस लवचीक असते, ते परत जागेवर येते. उरते ते गोळीने प्रत्यक्ष चिरडलेले भोक. त्यामुळे रिव्हॉल्वरच्या बाबतीत दोनच गोष्टी मोजाव्या लागतात: भोक किती रुंद आणि किती खोल. हे आज स्पष्टपणे सांगता येते. १९८० च्या दशकात मार्टिन फॅकलर या अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सकाने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर मोजमापे करून ही मांडणी पक्की केली. त्याआधीच्या लोकांकडे अनुभव होता, मेलेली जनावरे होती आणि ठाम मते होती.

काळ्या दारूचे दिवस

१८७३ साली दोन काडतुसे आली. कोल्टच्या रिव्हॉल्वरसाठी .४५ कोल्ट आणि विंचेस्टरच्या रायफलसाठी .४४-४०. दुसरे पुढे कोल्टच्या रिव्हॉल्वरमध्येही बसवले गेले, म्हणजे रायफल आणि कमरेचे हत्यार दोन्हीला एकच काडतूस चालायचे. रानात राहणाऱ्याला ही मोठीच सोय होती. काळी दारू जागा खूप खाते आणि दाब मर्यादित ठेवते. त्यामुळे वेग वाढवायला वाव नव्हता. परिणाम वाढवायचा तर गोळी जाड आणि जड करणे एवढाच मार्ग. .४५ कोल्टची गोळी अडीचशे ग्रेनची, वेग ८६० फूट धरा. ऊर्जा ४१० फूट-पाउंड भरते. आजच्या तक्त्यात हा आकडा दुबळा दिसतो, पण मऊ शिशाची ती गोळी जवळून मारलेल्या हरणाच्या आरपार जात असे.

पुढे धूरविरहित दारू आली आणि लहान व्यास, जास्त वेग हा पर्याय खुला झाला. मग वाद सुरू झाला. अमेरिकी लष्कराने १९०४ मध्ये कॅप्टन जॉन थॉम्पसन आणि मेजर लुई लागार्ड यांच्याकडे तो सोपवला. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यातल्या गुरांवर निरनिराळ्या व्यासांच्या पिस्तुलांनी गोळ्या झाडून पाहिल्या आणि .४५ पेक्षा कमी व्यास नको असा निष्कर्ष दिला. जनावरे मोजकी, पद्धत ढोबळ. आजचा कोणताही परीक्षक हा प्रकल्प परत पाठवील. पण ‘जाड गोळीच खरी’ म्हणणाऱ्या पिढीला त्यातून सरकारी शिक्का मिळाला.

एल्मर कीथ आणि चक्राची भिंत

त्या पिढीचा सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस म्हणजे एल्मर कीथ (१८९९–१९८४). जन्म मिझुरीचा, आयुष्य मोंटाना आणि आयडाहोमध्ये, धंदा गुरे राखण्याचा, शिकाऱ्यांना रानात नेण्याचा आणि पुढे लेखनाचा. रिव्हॉल्वर त्याच्यासाठी रायफल हाताशी नसतानाचे हत्यार होते आणि समोर एल्क किंवा हरीण असण्याची शक्यता रोजची होती. त्याने .४५ कोल्टमध्ये जड गोळी आणि जास्त दारू भरायला सुरुवात केली आणि १९२० च्या दशकात त्याच्या जुन्या कोल्टचे चक्र फुटले.

इथे जरा थांबा, कारण पुढची तीस वर्षे या फुटलेल्या चक्रातून निघाली आहेत. रिव्हॉल्वरच्या चक्रात सहा भोके असतात आणि प्रत्येक भोक म्हणजे एक दाबपात्र. दुसऱ्या वर्षाच्या ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’मध्ये पातळ भिंतीच्या नळकांड्याचे सूत्र तुम्ही शिकता: परिघीय ताण म्हणजे दाब गुणिले व्यास, भागिले भिंतीच्या जाडीची दुप्पट. चक्राच्या भिंतीला ते काटेकोरपणे लागू होत नाही, पण दिशा बरोबर दाखवते. चक्राचा बाहेरचा व्यास ठरलेला असतो, कारण तो बंदुकीच्या सांगाड्यात मावायचा असतो. मग भोक मोठे केले की अंशातला व्यास वाढतो आणि छेदातली भिंत पातळ होते. ताण दोन्हीकडून चढतो. त्यात कोल्टच्या सहा-गोळी चक्रात खिटी अडकण्याची खाच नेमकी भोकाच्या माथ्यावर, भिंत सर्वांत पातळ असते तिथेच कोरलेली.

.४५ कोल्टच्या पुंगळीचा व्यास .४८० इंच. .४४ स्पेशल या १९०७-०८ च्या सुमाराला आलेल्या काडतुसाचा .४५७ इंच. फरक ०.०२३ इंचाचा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. शेजारच्या दोन भोकांमधली भिंत तेवढीच जाड होते, आणि जिथे मुळात भिंतच मिलिमीटरच्या हिशेबात आहे तिथे हा फरक फार मोठा. कीथ .४४ स्पेशलकडे वळला त्याचे कारण हे. लोक त्याला .४४ चा भक्त म्हणतात, पण ती निवड भक्तीपेक्षा लोखंडाच्या जाडीने झाली होती.

कारखान्यातून येणारे .४४ स्पेशल बेताचेच होते: २४६ ग्रेन, ७५५ फूट. कीथने स्वतःची गोळी आखली. तिचे टोक सपाट आणि मागे तीक्ष्ण कडेचा खांदा, म्हणजे मांसात शिरताना ती बाजूला सारण्याऐवजी कापत जाईल. कठीण शिशाची ही अडीचशे ग्रेनची गोळी तो सुमारे १२०० फूट वेगाने झाडत असे. साचे बनवणाऱ्या कंपनीने तिला ४२९४२१ हा क्रमांक दिला आणि त्या क्रमांकाचा साचा अनेक दशके विकला गेला. फॅकलरने जे जिलेटिनमध्ये दाखवले ते कीथने पन्नास वर्षे आधी गोळीच्या आकारात बसवले होते: रुंद भोक, आरपार. त्याची उपपत्ती मांडणे त्याला जमले नाही आणि त्याची त्याला गरजही वाटली नाही.

१९३५: वेगाची बाजू

दुसरी बाजू कारखान्यातून आली. स्मिथ अँड वेसनने १९३० मध्ये .३८ स्पेशल हे साधे काडतूस .४४ च्या मोठ्या सांगाड्यात बसवून पाहिले, म्हणजे छोटे भोक आणि भरपूर जाड भिंत. इतकी ताकद शिल्लक राहते म्हटल्यावर दाब वाढवायचा मोह होणारच. डग्लस वेसन, फिलिप शार्प हा लेखक-प्रयोगकर्ता आणि विंचेस्टर कंपनी यांच्या कामातून १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम बाहेर पडले. १५८ ग्रेनची गोळी, आणि पावणेनऊ इंची नळीतून जाहीर केलेला वेग १५१५ फूट. जुन्या, कमजोर रिव्हॉल्वरमध्ये ते चुकून भरले जाऊ नये म्हणून पुंगळी ०.१३५ इंचाने लांब ठेवली. व्यास तोच, पण चक्र बंदच होत नाही. चूक करणेच अशक्य करून टाकण्याचा इतका स्वस्त उपाय यंत्ररचनेत क्वचित दिसतो. वीस वर्षांनी .४४ मॅग्नमनेही तोच वापरला.

वेसन स्वतः ते रिव्हॉल्वर घेऊन शिकारीला गेला आणि अँटिलोप, एल्क, मूस मारून आला. कंपनीच्या प्रसिद्धीला हे हवेच होते. महामंदीच्या काळात साठ डॉलरचे रिव्हॉल्वर खपले, यात या कथांचा वाटा असणार. कीथला काडतूस आवडले, पण मोठ्या जनावराला ती गोळी लहानच, असे तो लिहीत राहिला.

आता आकडे बघा. आजच्या तक्त्यांतले, चार इंची चाचणी-नळीतले .३५७ मॅग्नम: १५८ ग्रेन, १२३५ फूट, ५३५ फूट-पाउंड. .४५ कोल्ट: ४१० फूट-पाउंड. ऊर्जेत .३५७ तीस टक्क्यांनी पुढे. संवेग काढा: .३५७ चा ३.८५, .४५ कोल्टचा ४.२५. क्रम उलटला. याचे कारण शाळेतले आहे. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, संवेगात वेग एकदाच येतो. वेगवान गोळीच्या बाजूच्या माणसाने ऊर्जा मोजावी आणि जड गोळीच्या बाजूच्याने संवेग, हे ओघाने आले. ज्युलियन हॅचर या लष्करी शस्त्रतज्ज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात संवेग, गोळीच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि आकाराचा गुणांक यांचा गुणाकार सुचवला. पुढे जॉन टेलरने १९४८ च्या पुस्तकात वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार केला. टेलर आफ्रिकेत हत्ती मारत असे. मेंदू थोडक्यात हुकलेला हत्ती किती वेळ बेशुद्ध पडेल याचा अंदाज देणे एवढाच त्याच्या सूत्राचा हेतू होता. अमेरिकी रिव्हॉल्वरवाल्यांनी ते उचलून हरणाला लावले. त्यात .३५७ ला १० गुण मिळतात, .४५ कोल्टला १४, .४४ मॅग्नमला १७. या गुणांना एकक काय, हे विचारू नका.

ऊर्जेचा आकडा बाजारात जिंकला याचे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच खरे. धक्का संवेगाने ठरतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने गोळीला जितका संवेग दिला तितका (वर दारूच्या वायूंचा) तुमच्या हाताला परत मिळतो. संवेग विकत घ्यायचा तर त्याची किंमत मनगटाने मोजावी लागते. ऊर्जा मात्र वेग वाढवून, गोळी हलकी करून, जवळजवळ फुकटात वाढवता येते. धक्का तेवढाच आणि डबीवरचा आकडा मोठा: कोणत्या विक्रेत्याला हे नको असेल?

.४४ मॅग्नम आणि मनगट

कीथने वर्षानुवर्षे मागणी लावून धरली: मोठी गोळी, १२०० फूट, मजबूत पुंगळी. शेवटी रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्वर बनवले. १९५५ च्या अखेरीस पहिली तयार झाली आणि १९५६ च्या सुरुवातीला जाहीर झाली. रूगर कंपनीनेही त्याच वर्षी आपले रिव्हॉल्वर आणले. रेमिंग्टनने कीथच्या मागणीपेक्षा जास्तच वेग दिला.

याची किंमत मोजून पाहू. वायूंचा हिस्सा सोडून दिला तरी १.३३ किलोचे .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर सेकंदाला ४.२ मीटर वेगाने मागे येते. साधारण सव्वा किलोचे .३५७ चे ३.१ मीटरने. रिव्हॉल्वरची स्वतःची गतिज ऊर्जा ११.८ विरुद्ध ५.९ ज्यूल, नेमकी दुप्पट. पुष्कळांनी ही बंदूक घेतली, थोड्या गोळ्या झाडल्या आणि पेटीत ठेवून दिली. १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने ती जगभर गाजवली. शिकाऱ्यांसाठी मात्र त्यामुळे तिची किंमत आणि टंचाई तेवढी वाढली.

धक्क्याचा प्रश्न दुय्यम नाही. हरणासाठी आठ इंचांचे वर्तुळ आहे, आणि चाप ओढण्याआधीच धक्क्याच्या धास्तीने हात दचकला तर पन्नास यार्डांवर गोळी त्या वर्तुळाबाहेर जाते. पोटात लागलेली .४४ ची गोळी फुप्फुसात लागलेल्या .३५७ पेक्षा वाईट. १९६४ मध्ये आलेले .४१ मॅग्नम या दोन टोकांच्या मधले होते: २१० ग्रेन, पुरेशी खोली, थोडा कमी धक्का. कागदावर उत्तम तडजोड. पण ते पोलिसांनाही विकायचे ठरवल्यामुळे दोन वेगळ्या ताकदींची काडतुसे काढली गेली, आणि पोलिसांनी फारसे घेतले नाही. .४१ बाळगणारे शिकारी आजही आहेत, मोजके आणि हट्टी.

१९६० च्या दशकातच ली जुरास याच्या सुपर व्हेल कंपनीने हलक्या, पोकळ टोकाच्या, फार वेगवान गोळ्या आणल्या. त्या माणसांविरुद्धच्या बचावासाठी आखल्या होत्या आणि तिथे त्यांनी बाजार बदलून टाकला. हरणावर मात्र गोळी लवकर फुलली की लवकर थांबते. खांद्याच्या हाडावर अशी गोळी लागली तर जखम मोठी दिसते पण वरवरची राहते. जड गोळीचे जुने लोक इथे बरोबर होते.

प्रश्नच बदलणारे पिस्तूल

रिव्हॉल्वरमध्ये रायफलसारखे निमुळत्या गळ्याचे काडतूस घातले तर काय होते, हे स्मिथ अँड वेसनने १९६१ मध्ये .२२ जेटसोबत अनुभवले. दाब येताच निमुळती पुंगळी मागे सरकते, मागच्या पट्टीवर टेकते आणि चक्र अडकते. सरळ भिंतीची पुंगळी भोकाला घट्ट चिकटते, म्हणून ही अडचण तिला येत नाही. तेव्हा रायफलचा वेग हातात हवा तर चक्र सोडायला हवे. वॉरन सेंटरने आखलेले थॉम्पसन/सेंटर कंपनीचे कंटेंडर १९६७ मध्ये आले: एका वेळी एकच काडतूस, मधून मोडून उघडणारे, आणि नळी बदलता येणारे. त्यात १८९५ चे .३०-३० हे हरणाचे प्रसिद्ध रायफल-काडतूस बसले. पुढे जे. डी. जोन्स यांनी त्यासाठी स्वतःची मोठी काडतुसे घडवली. दुर्बीण लावलेले, टेकूवरून झाडायचे कंटेंडर शंभर यार्डांपलीकडे सहज जाते. अनेकांनी कुरकुर केली की ही आखूड रायफलच आहे, आणि ती कुरकूर निराधार नाही. पण इथे भोक आणि ताण दोन्ही कामाला येऊ लागतात आणि रिव्हॉल्वरचा सगळा हिशेब बाजूला पडतो.

सरकार आकडा छापते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणे पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहून कमी उरली असे अंदाज आहेत. आज ती तीन कोटींच्या घरात मानली जातात. या पुनरागमनामागे शिकारीचे निर्बंध आहेत आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदाही आहे, ज्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. रिव्हॉल्वर-पिस्तुलांवरचा दहा टक्के कर या निधीत १९७० पासून येऊ लागला. हरीण परतले, हातात धरायच्या बंदुकीने शिकार करणारे वाढले आणि खात्यांना किमान मर्यादा ठरवावी लागली.

तीन राज्ये घ्या. (नियम बदलत असतात, इथे आपल्याला त्यांची रचना पाहायची आहे.) व्हर्जिनियात व्यास किमान .२३ इंच आणि नळीच्या तोंडाशी ३५० फूट-पाउंड. कोलोरॅडोत नळी किमान ४ इंच, व्यास किमान .२४ इंच आणि पन्नास यार्डांवर ५५० फूट-पाउंड, तेही उत्पादकाने जाहीर केलेल्या आकड्यानुसार. ओहायोत ऊर्जेचा उल्लेखच नाही: व्यास .३५७ किंवा जास्त, सरळ भिंतीची पुंगळी, नळी किमान ५ इंच.

आता पन्नास यार्डांवरचे छापील आकडे लावा. .४४ मॅग्नम ६२३, .३५७ मॅग्नम ४२८, .४५ कोल्ट ३७५. व्हर्जिनियात तिन्ही चालतात. ओहायोत नळी पुरेशी असली तर तिन्ही चालतात. कोलोरॅडोत एकटे .४४ उरते. आणि .३०-३० चे कंटेंडर कोलोरॅडोत चालते, पण त्याची पुंगळी निमुळती असल्याने ओहायोत चालत नाही. सपाट, वस्तीच्या शेतजमिनीत चुकलेली गोळी किती दूर जाईल ही ओहायोची चिंता. मोकळ्या डोंगराळ प्रदेशात मोठे जनावर ही कोलोरॅडोची. सुरुवातीचे .२२१ फायरबॉल आठवते? ऊर्जेने ते .४४ वर मात करते. त्याची गोळी .२२४ इंचाची आहे, म्हणून व्हर्जिनिया आणि कोलोरॅडोत ते व्यासाच्या अटीवर बाद होते. म्हणजे ऊर्जेची अट लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते की नुसत्या ऊर्जेवर भागत नाही. शेजारी व्यासाची अट बसवून त्यांनी संवेगवाल्यांचे अर्धे म्हणणे गुपचूप मान्य केले.

‘उत्पादकाने जाहीर केलेला’ या शब्दांकडेही लक्ष द्या. रिव्हॉल्वरमध्ये चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते आणि तिथून वायू निसटतो. पूर्वीचे आकडे लांब, बिनफटीच्या नळ्यांतून घेत. १९७० च्या दशकात उद्योगाने चार इंची, फट असलेली चाचणी-नळी स्वीकारली आणि तक्त्यांतले वेग एकदम खाली आले. .३५७ च्या १५१५ चे १२३५ झाले त्यात काही भाग दारू खरोखर कमी केल्याचा आहे आणि काही भाग मोजण्याची पद्धत बदलल्याचा. कायदेशीर आणि बेकायदेशीर यांच्यातली रेघ अशा रीतीने प्रयोगशाळेतल्या नळीवर अवलंबून राहते. हरणाला यातले काही कळत नाही.

पाच भोकांचे चक्र

दाबाची शर्यत नंतरही चालली. डिक कासुल याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस .४५ कोल्टचीच पुंगळी लांब करून .४५४ कासुल घडवले. वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने त्याचे रिव्हॉल्वर १९८३ मध्ये विक्रीला आणले. .४५ कोल्टची प्रमाणित दाबमर्यादा प्रति चौरस इंच १४,००० पाउंड आहे, .४४ मॅग्नमची ३६,०००, .४५४ ची ६५,०००. कीथच्या हातात फुटले त्याच व्यासाचे भोक आता साडेचारपट दाब झेलते. पोलाद सुधारले हे खरेच, पण चक्रात भोके पाच केली हेही तितकेच महत्त्वाचे: मधल्या भिंती जाड झाल्या आणि खिटीची खाच भोकाच्या माथ्यावरून सरकून दोन भोकांच्या मधे आली. २००३ चे .५०० स्मिथ अँड वेसनही पाच भोकांचेच, आणि त्याचे लांब नळीचे रिव्हॉल्वर दोन किलोंच्या पुढे जाते. आकारमान आणि वजन पाहता ते कमरेला लावून गुरांमागे फिरणे कीथलाही जमले नसते.

तेव्हा पन्नास यार्डांच्या आतल्या, आडव्या उभ्या राहिलेल्या हरणासाठी यांपैकी काय निवडावे, असे कोणी विचारले, तर मी कीथच्या .४४ स्पेशलच्या मापाचे म्हणेन: अडीचशे ग्रेनच्या आसपासची, सपाट टोकाची गोळी, हजार ते बाराशे फूट. ते .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये, थोड्या कमी दारूने, भरता येते, आणि आज असे सौम्य भरलेले काडतूस कारखान्यातूनही मिळते. मात्र कोलोरॅडोत जायचे असेल तर आधी डबीवरचा पन्नास यार्डांचा आकडा वाचावा लागेल. हजार फुटांनी निघालेली अडीचशे ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी ५५५ फूट-पाउंड देते आणि पन्नास यार्डांवर ५५० च्या खाली उतरते. बाराशेने निघाली तर ८०० देते आणि निर्धास्त पार होते. हरणाच्या फुप्फुसांतून दोन्ही आरपार जातात.